मदत हवी आहे: डेबियन १२ वरून १३ केल्यावर वजनकाट्याचे तीन प्रोग्राम एकमेकांशी बोलेनात

तिस्ककर

नमस्कार मंडळी. उसगाव-तिस्क भागातल्या एका वजनकाट्यावरच्या पीसीचा प्रश्न आहे. ६४ बिट मशीन, ८ जीबी रॅम. चवथीच्या सुट्टीत काटा बंद असताना डेबियन लिनक्स १२ चं १३ केलं. अपग्रेड सुरळीत झालं, मशीन नीट उठतं, नेट आणि प्रिंटर चालू आहेत. फक्त काट्याचे प्रोग्राम रुसलेत.

मांडणी अशी आहे:

वाचक: इंडिकेटरकडून आरएस-२३२ वर वजन घेतो (९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट). सिस्टिमडीची (मशीन उठताना प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस आहे, 'काटा' या युजरखाली चालते. अपग्रेडसोबत सॉफ्टवेअरवाल्याने याची नवी ६४ बिट प्रत दिली.

पावती: ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये चालतो. ऑपरेटर 'काटा' गटात आहे. बटण दाबलं की एक शेल स्क्रिप्ट /टेम्प/काटा.फिफो मध्ये (फिफो म्हणजे एकाने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची नळी) 'ग्रॉस' (भरलेलं वजन) किंवा 'टेअर' (रिकामं वजन) लिहिते आणि वजन पॉझिक्स मेसेज क्यूवरून (प्रोग्रामांमधली संदेशांची रांग) परत येतं.

बोर्ड: बाहेरच्या एलईडी बोर्डावर वजन आणि वेळ दाखवतो. शेअर्ड मेमरीतून (वाचक आणि बोर्ड या दोघांना दिसणारी सामाईक मेमरी) वाचतो. ही प्रत जुनीच आहे, ३२ बिट.

आता लक्षणं:

१) स्क्रिप्ट 'पर्मिशन डिनाइड' म्हणते. फिफोची परवानगी ६६६ आहे. सुडो लावून लिहिलं तरी तेच.

२) वाचकाच्या लॉगमध्ये 'एमक्यू_ओपन: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. क्यू नसतानाही तो चालत राहतो, लॉगमध्ये वजन येत राहतं. हाताने सुडो लावून सुरू केला तर क्यूही उघडतो. पण त्यानंतर सर्व्हिस म्हणून सुरू केला की संदेश बदलतो, 'एमक्यू_ओपन: पर्मिशन डिनाइड'.

३) बोर्डावर वजन कायम ०, आणि तारीख ०१-०१-१९७०.

सॉफ्टवेअरवाला रिमोटवर आला, कसलीतरी कमांड चालवली, पहिल्या दोन गोष्टी चालू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं, परत तेच. टिपर रांगेत उभे असतात आणि पावत्या हाताने लिहाव्या लागतात. कुठून सुरुवात करू?

कुळागर

दोन शंका. पावसाळ्यात डीबी-९ च्या (आरएस-२३२ केबलचा जोड) पिना हिरव्या पडतात, आधी केबल काढून पुसून बघा. दुसरं, डेबियन १३ मध्ये /टेम्प आता रॅममध्ये असतं, टेम्पएफएस. फिफो तिथेच आहे. मला तरी तेच कारण वाटतं.

खाजन

कुळागरबाब, केबलची शंका आपल्याकडे रास्तच, पण लॉगमध्ये वजन बरोबर येतंय म्हणजे इंडिकेटर ते वाचक हा टप्पा ठीक आहे. बिघाड त्याच्या पुढे आहे. टेम्पएफएसही नाही. फिफोतला मजकूर डिस्कवर कधी नसतोच, तो कर्नलच्या बफरमध्ये असतो. /टेम्प डिस्कवर असो की रॅममध्ये, परवानगी १७७७ च राहते.

तिस्ककर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात अर्धं उत्तर आहे. क्यू सुडोने उघडतो, फिफो सुडोनेही उघडत नाही. म्हणजे दोघांना अडवणारी दारं वेगळी आहेत. ही माहिती टाका (सिसकंट्रोल म्हणजे कर्नलच्या सेटिंग बघायची-बदलायची कमांड. कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग घ्या; या ओळींतलं 'एमक्यू' म्हणजे mqueue):

सिसकंट्रोल एफएस.प्रोटेक्टेड_फिफोज
सिसकंट्रोल एफएस.एमक्यू.एमएसजी_मॅक्स
ग्रेप एफएस /इटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ
एलएस -एल /डेव्ह/एमक्यू /डेव्ह/एसएचएम

पावतीची स्क्रिप्ट एकदा एसट्रेसखाली (प्रोग्राम कर्नलला काय काय मागतो ते दाखवणारं साधन) चालवा: एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॅट. जिथे उणे १ येतंय ती ओळ जशीच्या तशी हवी. 'एरर येतो' एवढ्यावर काही कळत नाही, कर्नल कोणत्या कॉलला काय म्हणाला ते लागतं.

आणि सॉफ्टवेअरवाल्याने चालवलेली कमांड रूटच्या हिस्टरीत सापडेल. माझा अंदाज 'सिसकंट्रोल -पी'.

तिस्ककर

हो, हिस्टरीत 'सिसकंट्रोल -पी' च आहे!

प्रोटेक्टेड_फिफोज = १
एमएसजी_मॅक्स = १०

/इटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ मध्ये दोन ओळी आहेत: प्रोटेक्टेड_फिफोज = ० आणि एमएसजी_मॅक्स = ६४. पूर्वी कधीतरी सॉफ्टवेअरवाल्यानेच टाकलेल्या असणार. पण फाइलमध्ये ० आणि ६४ असताना चालू मशीन १ आणि १० का दाखवतंय?

/डेव्ह/एमक्यू मध्ये एकच क्यू आहे. मालक रूट, गट रूट, परवानगी ६४०.
/डेव्ह/एसएचएम मध्ये काटा_थेट, मालक काटा, आकार ३२ बाइट.

एसट्रेसची ओळ: ओपनॅट, /टेम्प/काटा.फिफो, ओ_राइटओन्ली | ओ_क्रिएट | ओ_ट्रंक, उत्तर उणे १ ईॲक्सेस (म्हणजे 'पर्मिशन डिनाइड').

खाजन

चित्र स्पष्ट आहे. डेबियन १३ मध्ये मशीन उठताना सिस्टिमडी /इटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ वाचत नाही. १२ मध्ये /इटीसी/सिसकंट्रोल.डी या फोल्डरमध्ये त्या फाइलकडे जाणारी ९९-सिसकंट्रोल.कॉन्फ नावाची लिंक असायची, म्हणून ती वाचली जायची. आता फक्त सिसकंट्रोल.डी मधल्या, नावाच्या शेवटी .कॉन्फ असलेल्या फाइल्स धरल्या जातात. १३ च्या रिलीज नोट्समध्ये हा बदल लिहिलेला आहे. तुमची जुनी फाइल जागेवर आहे, तिला कुणी विचारत नाही एवढंच.

'सिसकंट्रोल -पी' ही कमांड मात्र अजूनही तीच फाइल उचलते. म्हणून रिमोटवर सगळं चालू झालेलं दिसतं आणि रीबूट झाला की परत पडतं. अपग्रेडनंतर 'आता चालतंय' हे रीबूट करून बघितल्याशिवाय कुणाचं ऐकू नका.

त्या एका फाइलमुळे तुमचे दोन बिघाड झाले. दोन्ही वेगवेगळे समजून घ्या, कारण उपाय वेगळे आहेत.

फिफो. प्रोटेक्टेड_फिफोज १ असेल तर नियम असा: फोल्डर सर्वांना लिहिता येणारं आणि स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण) असलेलं असेल (/टेम्प तसंच असतं), आणि आतला फिफो तुमचाही नसेल व फोल्डरच्या मालकाचाही नसेल, तर ओ_क्रिएट ('फाइल नसेल तर तयार कर' ही सूचना) लावून तो उघडता येत नाही. ६६६ परवानगीचा इथे काही उपयोग नाही, आणि रूटलाही सूट नाही. शेलमधलं '>' हे चिन्ह नेहमी ओ_क्रिएट लावूनच उघडतं, तुमच्या एसट्रेसच्या ओळीत ते दिसतंय. खात्री करायची असेल तर ऑपरेटरच्या लॉगिनमधून हे चालवा:

एको टेअर | डीडी ओएफ=/टेम्प/काटा.फिफो कन्व्ह=नोक्रिएट

डीडी इथे ओ_क्रिएट लावत नाही, त्यामुळे हे जाईल. गेलं की निदान पक्कं.

क्यू. वाचक ६४ संदेशांचा क्यू मागतो. एमएसजी_मॅक्स १० असताना साध्या युजरला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' मिळतो. रूटकडे कॅप_सिस_रिसोर्स (अशा मर्यादा ओलांडायचा अधिकार) असल्याने ही मर्यादा त्याला लागत नाही, म्हणून सुडोने उघडला. पण तो क्यू रूटच्या नावाने तयार झाला आणि ६४० परवानगीने /डेव्ह/एमक्यू मध्ये बसून राहिला. नंतर 'काटा' युजर त्याच नावाचा क्यू उघडायला गेला तर तो दुसऱ्याचा निघाला, म्हणून 'पर्मिशन डिनाइड'. संदेश बदलला तो सुडोच्या चाचणीमुळे, मूळ बिघाड तोच आहे. असल्या चाचण्या सुडो -यू काटा अशा त्या त्या युजरच्या नावानेच कराव्यात.

उपाय:

१) वाचक आणि पावती दोन्ही बंद करा. रूट म्हणून /डेव्ह/एमक्यू मधला तो क्यू आरएमने काढून टाका. साध्या फाइलसारखाच निघतो.

२) /इटीसी/सिसकंट्रोल.डी/६०-काटा.कॉन्फ नावाची फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ टाका, एफएस.एमक्यू.एमएसजी_मॅक्स = ६४. प्रोटेक्टेड_फिफोज = ० ही ओळ इकडे आणू नका. ती सुरक्षा संपूर्ण मशीनची काढली जाते, आणि तीही एका फिफोसाठी. फिफोच हलवू.

३) सिस्टिमकंट्रोल रीस्टार्ट सिस्टिमडी-सिसकंट्रोल. मग किंमत वाचून बघा, ६४ आली पाहिजे.

४) सिस्टिमकंट्रोल एडिट करून वाचकाच्या सर्व्हिसमध्ये, [सर्व्हिस] भागाखाली:

रनटाइमडिरेक्टरी=काटा
रनटाइमडिरेक्टरीमोड=०७५०

यामुळे सर्व्हिस सुरू होताना /रन/काटा हे फोल्डर 'काटा' युजरच्या मालकीचं तयार होतं आणि बंद होताना आतल्या सगळ्यासकट जातं. स्टिकी बिट नाही, म्हणून तो नियम लागत नाही. सर्व्हिसमध्ये ग्रुप= ही ओळ वेगळी दिलेली नसेल तर फोल्डरचा गट 'काटा' च असेल, ऑपरेटर आत पोचू शकेल.

५) फिफोचा रस्ता वाचकाच्या सेटिंगमध्ये आणि स्क्रिप्टमध्ये /रन/काटा/काटा.फिफो असा करा.

०७५० ठेवण्यामागे आणखी एक हिशेब आहे. /टेम्पमध्ये वाचक सुरू व्हायच्या आधी कुणी बटण दाबलं तर '>' तिथे त्या नावाची साधी फाइल करून ठेवतं. मग वाचक फिफो करायला येतो तर नाव आधीच घेतलेलं, आणि दिवसभर ऑपरेटर एका मुक्या फाइलमध्ये लिहीत बसतो, एररही नाही. ०७५० असेल तर ऑपरेटरला तिथे नवीन फाइल करताच येत नाही, ताबडतोब एरर दिसतो. तो एरर हवाच.

स्क्रिप्टमधलं लिहिणं 'टाइमआउट २ एसएच -सी' मध्ये गुंडाळा. फिफोच्या पलीकडे वाचणारा नसेल तर उघडणारा अडकून राहतो, पावतीची खिडकी गोठते आणि ऑपरेटर माऊस आपटत बसतो.

बोर्डाचं कारण वेगळं दिसतंय. त्यासाठी आबोलीताईंना बोलवूया.

आबोली

आले. तिस्ककर, भरलेला ट्रक काट्यावर उभा असताना बोर्डावर नेमकी वेळ काय दिसते? तारीख राहू दे, तास-मिनिट-सेकंद हवेत. त्याच क्षणी लॉगमध्ये वजन किती? आणि तेव्हाच हेही (शेअर्ड मेमरीतले आकडे दाखवणारी कमांड):

ओडी -ए डी -टी डी४ /डेव्ह/एसएचएम/काटा_थेट

तिस्ककर

बोर्ड: ० किलो, ०१-०१-१९७० १०:३७:४०
लॉग: १८४६० किलो, स्थिर

ओडी:
पहिली ओळ: ४१२७ ० १८४६० ०
दुसरी ओळ: १७५७३९५३२० ० ८३ ०

ट्रक उतरून रिकामा आला तेव्हा लॉगमध्ये ८१२० आणि बोर्डावर ०७:४५:२०.

आबोली

बोर्ड वजनच दाखवतोय, फक्त वेळेच्या जागी. १८४६० सेकंद म्हणजे ५ तास ७ मिनिटं ४० सेकंद. १९७० च्या पहिल्या मध्यरात्रीपासून मोजून भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवले की १०:३७:४०. रिकाम्या ट्रकचंही करून बघा: ८१२० सेकंद म्हणजे २ तास १५ मिनिटं २० सेकंद, अधिक साडेपाच, ०७:४५:२०. दोन्ही जुळतात.

कारण मेमरीतल्या मांडणीत आहे. प्रोग्राम सी मधला आहे आणि रचना अशी दिसते: अनुक्रमांक इंट, वजन लाँग, वेळ लाँग, स्थिती एक अक्षर. लिनक्सवर ३२ बिटमध्ये लाँग ४ बाइटचा असतो, ६४ बिटमध्ये ८ चा.

जुन्या ३२ बिट मांडणीत अनुक्रमांक ० व्या बाइटवर, वजन ४ वर, वेळ ८ वर, स्थिती १२ वर. एकूण १६ बाइट.

नव्या ६४ बिट मांडणीत अनुक्रमांक ० वर, मग ४ बाइट रिकामे (लाँगला ८ च्या पटीत जागा लागते), वजन ८ वर, वेळ १६ वर, स्थिती २४ वर. शेवटचं भरण धरून ३२ बाइट.

तुमची /डेव्ह/एसएचएम मधली फाइल ३२ बाइटची आहे, म्हणजे नव्या वाचकाने केलेली. बोर्ड जुन्या मापाने वाचतो. ४ व्या बाइटवर त्याला रिकामी जागा मिळते, म्हणून वजन ०. ८ व्या बाइटवर वजन मिळतं, ते तो वेळ समजतो. तुमच्या ओडीच्या पहिल्या ओळीत तेच आहे: ४१२७ अनुक्रमांक, ० भरण, १८४६० वजन, ० वजनाचा वरचा अर्धा भाग. दुसऱ्या ओळीतला मोठा आकडा खरी वेळ, आणि ८३ म्हणजे 'एस' अक्षर, स्थिर.

अशा बिघाडात कुठेच एरर येत नाही. कर्नलच्या लेखी दोघांनी मेमरी व्यवस्थित उघडली आहे. खाजनबाबांची एसट्रेसची युक्ती इथे गप्प बसते, आकडेच बघावे लागतात.

रस्ते दोन. बोर्डाची ६४ बिट प्रत सॉफ्टवेअरवाल्याकडून घ्यायची, हा सरळ. ती यायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत जुना ३२ बिट वाचक परत लावा. १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल राहिले नाहीत, पण ६४ बिट मशीनवर जुने ३२ बिट प्रोग्राम चालवण्यापुरती पॅकेजेस आहेत. डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६, मग एपीटी अपडेट, मग लिबसी६:आय३८६. बोर्ड चालतोय म्हणजे हे बहुधा आधीच आहे. वाचकाला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात ते एलडीडी सांगेल, 'नॉट फाउंड' दिसलेल्या :आय३८६ लावून घ्या. वाचक बदलताना आधी /डेव्ह/एसएचएम/काटा_थेट काढून टाका आणि बोर्डही रीस्टार्ट करा.

सॉफ्टवेअरवाल्याला मात्र स्पष्ट सांगा की रचनेत लाँग ठेवू नको, इंट३२_टी आणि इंट६४_टी ठेव, आणि पहिल्या ४ बाइटांत मांडणीचा आवृत्ती क्रमांक टाक. आवृत्ती जुळली नाही तर बोर्डाने रेघा दाखवाव्यात. रांगेतल्या ड्रायव्हरला ० दिसण्यापेक्षा ते बरं.

कुळागर

म्हणजे टेम्पएफएसचा काहीच संबंध नाही?

खाजन

या तीन बिघाडांशी नाही. पण तिस्ककर, काट्यावर नंबरप्लेटचा कॅमेरा असेल आणि त्याचे फोटो /टेम्पमध्ये पडत असतील तर आहे. टेम्पएफएसची मर्यादा रॅमच्या निम्मी असते, तुमच्याकडे ४ जीबी. फोटो साठत गेले तर ते रॅम खातात आणि रीबूटला जातात. फोटोंची जागा /व्हार/लिब खाली करा. /टेम्प पूर्वीसारखं डिस्कवरच हवं असेल तर सिस्टिमकंट्रोल मास्क टेम्प.माउंट आणि रीबूट.

तिस्ककर

कॅमेरा आहे, पण फोटो वेगळ्या डिस्कवर जातात. क्यू काढला, ६०-काटा.कॉन्फ केली, फिफो /रन/काटा मध्ये नेला. जुना ३२ बिट वाचक तात्पुरता लावला. पावती निघाली, बोर्डावर वजन आणि आजची तारीख आली. रीबूट करूनही टिकलं. देव बरें करूं, आबोलीताई आणि खाजनबाब.

फक्त एक राहिलं. लॉग बघायला म्हणून एसएसएचने 'काटा' युजरने आत गेलो, पाहिलं, बाहेर पडलो. थोड्या वेळाने ऑपरेटरने पावतीचा प्रोग्राम बंद करून चालू केला तर वजन येईना. वाचक चालू, लॉगमध्ये एरर नाही. वाचक रीस्टार्ट केला की ठीक.

खाजन

ते सिस्टिमडी-लॉगिनडीचं (युजरची लॉगिन सांभाळणारी सेवा) रिमूव्हआयपीसी. साध्या युजरचं शेवटचं सेशन संपलं की त्याच्या नावाचे मेसेज क्यू, शेअर्ड मेमरी आणि सेमाफोर लॉगिनडी झाडून टाकतं. त्याच युजरची सर्व्हिस चालू आहे की नाही हे ते बघत नाही. सिस्टिमडीची मूळ सेटिंग 'येस' आहे, काही डिस्ट्रो ती 'नो' करून देतात. तुमच्याकडे काय आहे ते 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ कॅट-कॉन्फिग सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ' मध्ये दिसेल.

एरर का नाही, तर वाचकाने क्यू आधीच उघडून धरलेला होता. नाव पुसलं तरी त्याच्या हातातला क्यू जिवंत राहतो. पावतीने मागाहून त्याच नावाचा नवा क्यू तयार केला. एक जुन्यात लिहितोय, दुसरा नव्याची वाट बघतोय, दोघेही समाधानी. वाचकाचा पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) घेऊन /प्रॉक/पीआयडी/एफडी मध्ये एलएस -एल करा, क्यूच्या नावापुढे 'डिलीटेड' दिसेल. शेअर्ड मेमरीसाठी तेच /प्रॉक/पीआयडी/मॅप्स मध्ये.

'काटा' चा यूआयडी (युजर क्रमांक) किती? १००० किंवा वर असेल तर तो साधा युजर धरला जातो. सिस्टिम युजरला हा नियम लागत नाही.

तिस्ककर

१००१ आहे. आणि रिमूव्हआयपीसी 'येस' दिसतंय.

आबोली

मग चालू मशीनवर यूआयडी बदलत बसू नका, जुन्या फाइलींची मालकी सगळीकडे बदलावी लागेल. /इटीसी/सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ.डी/काटा.कॉन्फ करा, आत [लॉगिन] आणि खाली रिमूव्हआयपीसी=नो. काटा बंद झाल्यावर रीबूट. पुढे नवं मशीन लावाल तेव्हा युजरॲड --सिस्टिम वापरून 'काटा' करा, म्हणजे यूआयडी १००० च्या खालीच मिळेल. आणि लॉग बघायला त्या युजरने आत जायची गरज नाही, स्वतःच्या लॉगिनमधून सुडो जर्नलकंट्रोल -यू आणि पुढे सर्व्हिसचं नाव.

तिस्ककर

केलं. 'काटा' ने आत-बाहेर करून, पावती बंद-चालू करून पाहिली, वजन येतंय. बोर्डाची ६४ बिट प्रत मागितली आहे, आबोलीताईंचा इंट३२_टी चा निरोप तसाच्या तसा पाठवला. ती आली की वाचक आणि बोर्ड एकाच वेळी बदलायचे ना?

आबोली

एकाच वेळी, दोन्ही बंद करून आणि मधे काटा_थेट पुसून. लावल्यावर ओडीची तीच कमांड परत चालवा आणि एक भरलेला, एक रिकामा असे दोन ट्रक इंडिकेटरच्या आकड्याशी ताडून मगच पावत्या सुरू करा.